पागेतले किशोरवय

किशोरवयाची दोन-चार वर्षे रायडिंग स्कूलच्या पागेत काढलेली माणसे त्या दिवसांबद्दल बोलू लागली, की दौडीबद्दल थोडे आणि पागेबद्दल बरेच बोलतात. चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, बादल्यांचा आवाज येताच ठाणाठाणांतून सुरू होणारे खिंकाळणे, सुक्या गवताचा आणि चामड्याचा वास, खरारा करताना हाताला लागणारी ऊब, ओळखीच्या घोड्याने दारावरून पुढे केलेले नाक, हे त्यांना वर्षानुवर्षे आठवत राहते. प्रत्यक्ष स्वारीचा तास साधारण पाऊण तासाचा असतो. घोडा आणि मूल यांची ओळख त्या तासाच्या आधी आणि नंतर, जमिनीवर उभे राहून होते. त्यामुळे मुलाला पागेत पाठवायचे ठरवताना आणि मुलाने तिथला वेळ वापरताना, जमिनीवरच्या कामाला स्वारीइतकेच स्थान द्यावे.

कुठे जावे आणि पागा कशी पारखावी

महाराष्ट्रात घोड्यांशी गाठ पडण्याच्या जागा अनेक प्रकारच्या आहेत. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर 1942 साली स्थापन झालेला अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. पुण्यात आणि पुण्याच्या आसपास रायडिंग स्कूल आहेत. एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी तुकड्यांमध्ये छात्रांना स्वारी आणि घोड्याची निगा दोन्ही शिकवतात. माथेरानमध्ये मोटारींना मज्जाव असल्याने घोडा हे तिथले एक मुख्य वाहन आणि अनेक कुटुंबांची रोजीरोटी आहे. तिथली मुले घोड्यांमध्येच वाढतात. महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांना मिळणारी फेरी मात्र शिक्षणात मोडत नाही. मुलाला घोडा आवडतो की नाही, एवढे समजायला ती पुरेशी आहे.

पागा निवडताना शुल्काआधी घोडे पाहावेत. फासळ्या उघड्या दिसत नाहीत, कातडी तुकतुकीत आहे, डोळे स्वच्छ आहेत, पाठीवर किंवा तंगाच्या (खोगीर बांधायच्या पट्ट्याच्या) जागी सोललेले नाही, खूर वेळेवर कापलेले आहेत, ही चांगल्या पागेची लक्षणे होत. ठाणात कोरडे अंथरूण आणि स्वच्छ पाणी हवे. घोडा माणूस जवळ येताच कान टवकारतो की मागे सरकून भिंतीला लागतो, यावरून तिथे त्याला कसे वागवतात ते कळते. शिक्षक तास घेताना आरडाओरडा करतो का, नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात पळवतो का, हेल्मेटशिवाय कुणी घोड्यावर बसते का, हे एक-दोन सकाळी कडेला उभे राहून पाहावे. तासाच्या आधी आणि नंतर मुलांना पागेत थांबू देतात का आणि त्या वेळी त्यांच्यावर कोण लक्ष ठेवते, हा प्रश्न आवर्जून विचारावा.

घोड्यांची धनुर्वाताची लस झाली आहे का आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी होते का, हेही विचारावे. ग्लँडर्स घोड्यापासून माणसाला होऊ शकतो. धनुर्वाताचे जंतू माती आणि लीद यांत असतात, म्हणून मुलाची स्वतःची धनुर्वाताची लस चालू असणे आवश्यक आहे.

घोडा समजून घेणे

घोडा हे भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांच्या कुळातले जनावर आहे. भीती वाटली की पळून जाणे हा त्याचा मूळ बचाव आणि पळता आले नाही तर लाथ किंवा चावा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडासा भाग दिसत नाही. म्हणून घोड्याच्या थेट मागून कधीही जाऊ नये. जाणे भागच असेल तर आवाज देत, पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी अंगाला लागून जावे किंवा लाथेच्या टप्प्याबाहेरून मोठा वळसा घ्यावा. जवळ जाताना त्याच्या डाव्या खांद्याच्या रोखाने, नाव घेत, सावकाश जावे आणि पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवावा. नाकावर थापट्या मारणे बहुतेक घोड्यांना आवडत नाही.

कान ही घोड्याची सर्वांत सहज वाचता येणारी खूण आहे. पुढे वळलेले कान म्हणजे लक्ष आणि कुतूहल. एक कान मागे वळलेला असेल तर तो पाठीवरच्या स्वाराचे ऐकत असतो. दोन्ही कान मानेला चिकटून मागे पडले तर तो इशारा आहे. खालचा ओठ लोंबता, मान खाली आणि मागचा एक पाय टोकावर सैल टेकवलेला घोडा विसावलेला असतो. अशा घोड्याला हाक न देता हात लावू नये, कारण घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो आणि दचकतो. नवशिक्याने पहिले काही दिवस नुसते निरीक्षण केले तरी पुढची कामे सोपी होतात. कोणता घोडा कोणाशेजारी शांत असतो, कोणाला पाण्याच्या बादलीवरून भांडायची सवय आहे, कोण तंग आवळताना वळून पाहतो, हे ज्या मुलाला पाठ झाले ते मूल पागेत सुरक्षित असते.

पागेतली रोजची कामे

पागेचा दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. पहिले काम चारापाण्याचे. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकता येत नाही, म्हणून त्याला थोडे थोडे, पण अनेक वेळा खाऊ घालतात. आहाराचा मोठा वाटा गवताचा असतो: सुके गवत, लसूणघास किंवा दुसरा हिरवा चारा. त्यावर ओट, जव, भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा अशी चंदी कामाच्या प्रमाणात मिळते. चंदी मापाने द्यायची असते आणि ते माप पागेतला जाणकार ठरवतो. मुलाने प्रेमापोटी वाढवलेली एक बादली घोड्याला पोटशूळ आणू शकते. चंदीनंतर लगेच घोडा कामाला लावत नाहीत. बुरशी लागलेला चारा टाकून द्यावा. गाजर द्यायचे तर विचारून, लांब उभे कापून, सपाट तळव्यावर ठेवून द्यावे. बोटे आत दुमडलेली नसावीत. घोडा दिवसाला साधारण 25 ते 45 लिटर पाणी पितो आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. बादली किती रिकामी झाली हे पाहणे म्हणजे त्याच्या तब्येतीची रोजची चौकशीच असते.

दुसरे काम ठाण झाडण्याचे. लीद आणि भिजलेले अंथरूण काढून, खालची जमीन कोरडी करून वर नवे काड किंवा लाकडाचा भुसा पसरतात. हे काम घोडा बाहेर असताना किंवा बांधलेला असताना करावे. दोर बांधताना ओढताच सुटेल अशी गाठ मारतात, कारण घाबरलेला घोडा मागे ओढू लागला की त्याला तत्काळ मोकळे करता आले पाहिजे. घोडा हाताने नेताना दोर कधीही मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नये. जास्तीचा दोर घड्या घालून धरावा.

तिसरे काम खराऱ्याचे. आधी दातेरी खरारा मान, खांदे, पाठ आणि पुठ्ठे या मांसल भागांवर गोल फिरवून घाम आणि धूळ मोकळी करतात. चेहऱ्यावर आणि गुडघ्याखाली हाडांवर तो वापरत नाहीत. मग केसांच्या वळणाने ब्रश, शेवटी डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांवर ओले मऊ फडके. खरारा करताना मुलाचा हात घोड्याच्या सबंध अंगावरून फिरतो. कुठे सूज आहे, कुठे गोचीड चिकटली आहे, कुठे दाबल्यावर कातडी थरथरते, हे असेच कळते. रोज तोच घोडा घासणाऱ्या मुलाला त्याच्यातला बदल डॉक्टर येण्याच्या आधी जाणवतो.

खूर साफ करणे हे पागेतले सर्वांत शिकवणारे काम आहे. घोड्याच्या खांद्यापाशी, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहावे. हात खांद्यावर ठेवून पायावरून खाली सरकवत न्यावा; एकदम पाय पकडू नये. सवयीचा घोडा हात गुडघ्याखाली पोचताच अंगाचे वजन उरलेल्या तीन पायांवर घेतो आणि तो पाय सैल सोडतो. खूर उचलून एका तळहातावर पेलावा आणि दुसऱ्या हातातल्या आकडीने टाचेकडून टोकाकडे माती, खडे आणि लीद काढावी. तळाच्या मधोमध त्रिकोणी लवचीक भाग असतो, त्याला फ्रॉग म्हणतात. तो आकडीने टोचायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा तेवढ्या साफ करायच्या. खाचांतून काळसर ओल आणि कुजका वास आला तर खूर सडू लागला आहे, हे ताबडतोब सांगावे. नाल हलतो का, खिळा वर आला आहे का, तेही पाहावे. काम झाले की पाय सोडून न देता हळू जमिनीवर टेकवावा. पाचशे किलोच्या आसपासचे जनावर आपला पाय एका शाळकरी मुलाच्या हातात देऊन शांत उभे राहते, तेव्हा त्या मुलाला विश्वासाची जबाबदारी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आजाराची पहिली चिन्हे

पागेत वावरणाऱ्या प्रत्येक मुलाला पोटशूळाची लक्षणे माहीत असावीत: चारा न खाणे, पायाने जमीन खरवडणे, वळून वळून पोटाकडे पाहणे, वारंवार लोळणे, विनाकारण घाम येणे, लीद न टाकणे. यांतले काहीही दिसले तर चारा बाजूला करून मोठ्या माणसाला बोलवावे. स्वतः औषध देऊ नये. विसाव्यातल्या निरोगी घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला साधारण 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि तापमान 38 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हे मोजायला शिकवण्याची विनंती मुलांनी पशुवैद्यांना जरूर करावी. बहुतेक जण आनंदाने शिकवतात.

साज चढवणे

खोगीर आधी पाठीवर किंचित पुढे ठेवून मग मागे सरकवतात, म्हणजे खालचे केस सपाट बसतात. तंग एका दमात आवळत नाहीत. दोन-तीन टप्प्यांत, प्रत्येक वेळी घोड्याला श्वास घेऊ देत आवळतात. अनेक घोडे तंग बांधताना पोट फुगवतात, म्हणून चार पावले चालवून तंग पुन्हा तपासल्याशिवाय रिकिबीत पाय ठेवू नये. लगाम चढवताना दात आपटू न देता, तोंडाच्या कोपऱ्यात जिथे दात नसतात तिथे अंगठा घालून घोड्याला तोंड उघडायला लावतात. स्वारीनंतर लगामाची कडी पाण्याने धुवावी आणि चामडे पुसून ठेवावे. साजावरची एक उसवलेली शिवण अपघाताला पुरेशी असते, त्यामुळे साज पुसताना शिवणी आणि बकले नजरेखालून घालण्याची सवय लावावी.

खोगिरात

पहिले तास शांत, वयाने मोठ्या घोड्यावर आणि शिक्षकाच्या हातातल्या लांब दोरावर व्हावेत. आपल्याकडच्या रायडिंग स्कूलमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड पुष्कळ असतात. ते देखणे आणि संवेदनशील असतात, पण त्यांतले सगळेच नवशिक्यासाठी योग्य नसतात. बैठक बरोबर असली की कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत येतात. टाच खाली, नजर समोर. लगाम तोल सांभाळण्यासाठी धरू नये, त्याचा प्रत्येक झटका घोड्याच्या तोंडाला बसतो. आधी साधी चाल, मग दुडकी. दुडकीत घोड्याच्या पावलांच्या तालावर खोगिरातून उठणे-बसणे जमायला काही आठवडे लागतात. ते जमल्याशिवाय कँटरची, म्हणजे मंद दौडीची, घाई करू नये. तास संपताना घोड्याला सैल लगामावर काही मिनिटे चालवून थंड करावे, तंग एक-दोन भोके ढिला करावा आणि उतरल्यावर पाठीवर हात फिरवावा.

पडणे हा शिकण्याचा भाग आहे, म्हणून तयारीही तशीच हवी. घोडेस्वारीसाठीच बनवलेले, एएसटीएम एफ 1163 सारख्या मानकाचे हेल्मेट घ्यावे. सायकलचे किंवा क्रिकेटचे चालत नाही. जोराचा आपटा बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. बुटाला लहान टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. पागेत चप्पल-सँडल घालू नये. ओढणी, लोंबती कर्णभूषणे, मोकळे केस आणि खिशातला मोबाइल बाहेर ठेवावा. पडल्यानंतर डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण किंवा क्षणभराचीही बेशुद्धी असेल तर मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे. त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसवू नये. किरकोळ पडण्यानंतर मात्र मुलाची तयारी असेल तर शांत घोड्यावर दोन फेऱ्या मारून तास संपवणे चांगले, म्हणजे भीती घरी जात नाही.

ऋतुमान

महाराष्ट्रातला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पागेची परीक्षा घेतात. उन्हाळ्यात स्वारी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर करावी, घोड्याच्या अंगावर पाणी घालावे आणि मुलांनी स्वतःही पाणी प्यावे. पावसाळ्यात मैदान बंद असले तरी पागेत जाणे थांबवू नये. ओलीने खूर सडतात, पायांच्या कातडीचे विकार होतात, चामड्यावर बुरशी धरते, माश्या वाढतात. मदतीची सर्वांत जास्त गरज याच महिन्यांत असते. साजाची दुरुस्ती, घोड्याची शरीररचना, वेगवेगळ्या गाठी हे शिकायला पावसाळा उत्तम. याच दिवसांत छपराखाली बादल्या उलट्या घालून बसलेल्या मुलांमध्ये आयुष्यभराच्या मैत्र्या जमतात.

पागेतली माणसे

पागेचा खरा आधार साईस, म्हणजे घोड्याची रोजची निगा राखणारा माणूस, असतो. घोडा रात्री किती वेळा उठला, कालची चंदी त्याने का उरवली, हे शिक्षकाआधी त्याला ठाऊक असते. मुलांनी साईसकाकांना नावाने आणि आदराने हाक मारावी, त्यांच्या जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळा पाळाव्यात आणि घोडा आयता हातात न घेता साज चढवण्यापासून त्यांच्याबरोबर उभे राहावे. नालबंद साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येतो. त्या दिवशी घोड्याचे डोके धरून उभे राहायला मिळाले तर ती संधी सोडू नये. मोठ्या मुलांनी लहानांना गाठ मारायला, खूर उचलायला शिकवावे. अशा मदतीचे वेळापत्रक अभ्यास आणि झोप सांभाळून आखावे. मुलांचे काम शिकण्याचा भाग राहावे. साईसाच्या पगाराची बचत म्हणून कोणी ते वापरत असेल तर पालकांनी हस्तक्षेप करावा.

जिव्हाळा आणि निरोप

मराठा फौजेत बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. आजच्या रायडिंग स्कूलमधली जवळजवळ सगळी मुले बारगिरांच्या जागी असतात: जीव लावलेला घोडा संस्थेचा असतो. तो विकला जाऊ शकतो, दुसऱ्या शहरात जाऊ शकतो, म्हातारा होऊन कामातून निवृत्त होऊ शकतो किंवा मरूही शकतो. किशोरवयात आलेले हे दुःख खरे असते आणि ते हलके लेखू नये. घोडा जाणार असेल तर मुलांना आधी सांगावे, निरोपाचा एक दिवस द्यावा, शेवटचा खरारा करू द्यावा. घोडा गेला असेल तर खरे कारण साध्या शब्दांत सांगावे. त्यानंतर लगेच दुसरा घोडा ‘त्याच्या जागी’ देण्याची घाई नको. काही दिवस मुलाला सगळ्याच घोड्यांची कामे करू द्यावीत, नवी ओळख आपोआप होते. स्वतःचा घोडा घेण्याचा हट्ट मात्र काळजीपूर्वक तोलावा. घोडा 25 ते 30 वर्षे जगू शकतो, आणि चारा, साईस, नालबंद, डॉक्टर यांचा खर्च मूल शिकायला परगावी गेले तरी थांबत नाही.

पागेची वही

या वर्षांची आठवण नीट राहावी यासाठी मुलाने एक वही ठेवावी. तारीख, घोड्याचे नाव, केलेले काम, शिक्षकाने दाखवलेली चूक, घोड्याची त्या दिवशीची लहर, एवढ्या चार-पाच ओळी पुरतात. घोड्याच्या अंगावरच्या खुणांचे चित्र काढावे: कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे, भोवरे. साईसकाकांनी सांगितलेल्या त्या घोड्याच्या जुन्या गोष्टी लिहाव्यात, कारण त्या दुसरीकडे कुठे नोंदलेल्या नसतात. फोटो काढावेत, पण स्वारीच्या वेळी मुलाने नव्हे तर कडेला उभ्या असलेल्याने, फ्लॅश बंद ठेवून. ही वही पुढे स्पर्धेच्या तयारीला उपयोगी पडते आणि मोठेपणी पुन्हा घोड्याकडे वळणाऱ्यालाही.

पुढची वाट

ज्यांना स्पर्धेत उतरायचे आहे त्यांच्यासाठी ड्रेसाज (ठरावीक चाली-हालचालींचे सादरीकरण), शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या) आणि इव्हेंटिंग (या दोन्हींबरोबर मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड) हे मुख्य प्रकार आहेत. भारतात हा खेळ इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाच्या देखरेखीखाली चालतो आणि मुलांसाठी कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. 2023 साली हांगचौच्या आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. स्पर्धेकडे न वळणाऱ्यांना पशुवैद्यक, घोड्यांचे संगोपन, स्वारीचे शिक्षण आणि विशेष मुलांसाठीची अश्वसाहाय्यित उपचारपद्धती ही क्षेत्रे खुली आहेत. घोड्यांच्या जाती पाहायच्या असतील तर नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेतला घोडेबाजार पाहावा. मारवाडी आणि काठेवाडी घोडे तिथे एकाच फेरीत पाहायला मिळतात.

बहुतेक मुले दहावी-बारावीच्या सुमारास पागेपासून दुरावतात. पालकांनी त्या वेळी दार पूर्ण बंद करू नये. आठवड्यातून एक सकाळ पागेत घालवण्याची मुभा ठेवली तर अभ्यासाचे नुकसान होत नाही आणि अभ्यासाचा ताणही हलका होतो. आणि ज्यांची ही वर्षे सरून गेली आहेत, त्या मोठ्यांनी परत जाताना सुरुवात पुन्हा खरारा आणि खूर यांपासून करावी, पहिले काही तास दोरावरच घ्यावेत आणि शरीराला जुनी बैठक आठवायला वेळ द्यावा.